काकूंची कानस

काकू एकवीस दिवस सुट्टीवर गेल्या आणि तेवढ्यात वकिलाच्या कामाबद्दल दोन तक्रारी आल्या. त्याआधीच्या अकरा वर्षांत एकही आली नव्हती.

वर्कशॉप हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, एक्स-रे विभागाच्या मागे आहे. तिथे कृत्रिम पाय बनतात. एका भिंतीला छतापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर प्लॅस्टरचे पांढरे साचे, कुणाचा गुडघ्याखालचा पाय, कुणाची मांडी. नवा माणूस आत आला की आधी दचकतो आणि मग शिंकतो, कारण प्लॅस्टरची पूड हवेत कायम असते. खोलीच्या मधोमध दोन कठडे आणि त्यांच्यामध्ये सहा पावलांची रबरी पट्टी. नवा पाय लावून माणूस पहिल्यांदा चालतो तो तिथे. काकू या खोलीत एकतीस वर्षं आहेत. नात्याने त्या तिथे कुणाच्याच काकू नाहीत, पण साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना काकूच म्हणतात. एकदा एका पेशंटची सत्तरीची आई त्यांना काकू म्हणाली, तेव्हाही त्यांनी ओ दिली.

वकील कायद्यातलं काहीही शिकलेला नव्हता. छत्तीस वर्षांचा, हुशार, चलाख हाताचा कारागीर. वकील हे नाव त्याला पडलं, कारण प्रत्येक गोष्टीचं कारण त्याच्याकडे तयार असे. उशीर झाला तर सिग्नल, पायाला तडा गेला तर पाय ओतायचं रेझिन, पेशंट लंगडला तर पेशंटची चाल. कारणं खोटी नसत, हीच खरी पंचाईत होती. सिग्नल खरंच बंद असायचा.

काकू सुट्टीवरून आल्या त्या सकाळी साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. साहेब काकूंपेक्षा वीस वर्षांनी लहान. नुकतेच आठवडाभराचं प्रशिक्षण घेऊन आले होते आणि त्या प्रशिक्षणाचा ताप अजून उतरलेला नव्हता.

"काकू, नातू कसा आहे?"

"मजेत. रात्रीचा दिवस करतोय."

"आणि लेक?"

"ती चालता चालता झोपतेय."

साहेब हसले आणि त्यांनी एक छापील फॉर्म पुढे सरकवला. वर 'मार्गदर्शन' असं मोठ्या अक्षरात होतं. तीन महिने काकूंनी वकिलाच्या मार्गदर्शक व्हायचं. आठवड्यातून दोनदा अर्धा तास दोघांनी बसायचं. शेवटच्या पानावर एकच प्रश्न होता. कर्मचारी आपल्या कामाची जबाबदारी घेतो का? खाली तीन चौकोन होते. होय, थोडीफार, नाही.

"आणि नाही वर खूण केली तर?"

"स्टोअर. नट-बोल्ट देत बसेल. पेशंटला हात लावायचा नाही." साहेबांचा आवाज खाली आला. "मला तरी कुठे आवडतंय? एका तक्रारीचं थोडं घासून भागलं, पण दुसरी त्या सलूनवाल्यांची, त्यांची जखम बघितलीत का तुम्ही? शुगरचा माणूस. चिघळली तर डॉक्टर गुडघ्याच्या वरून कापायची भाषा करतील."

काकूंनी फॉर्म हातात घेतला.

"मला एकच कळत नाही," साहेब म्हणाले. "अकरा वर्षांत एक तक्रार नाही, आणि तुम्ही नसताना दोन. तुमची पाठ वळली आणि त्याचा हातच फिरला की काय?"

काकूंना हे चांगलं कळत होतं. इतकं चांगलं, की त्यांनी फॉर्मची घडी घातली, पिशवीत टाकला आणि चहासुद्धा न पिता बाहेर आल्या.

गोष्ट अशी होती. पाय कापल्यावर उरलेल्या भागाला वर्कशॉपमध्ये सगळे स्टंप म्हणतात. तो ज्यात बसतो ते सॉकेट. सॉकेट बुटासारखं नसतं. बूट सैल असला तरी माणूस चालून नेतो. सॉकेटमध्ये हाडाच्या उंचवट्यासमोर बोटभर जागा कमी पडली, तर अंगाचा सगळा भार त्या एका ठिकाणी पडतो. वकिलाचं काम शंभरातलं नव्वद. ठसा उत्तम, जोडणी सरळ, फिनिशिंग आरशासारखं. उरलेले दहा मात्र कधी नीट भरायचे नाहीत, कारण शेवटच्या तासात त्याला घाई होई.

संध्याकाळी सगळे गेले की काकू प्लॅस्टरच्या बादल्या धुवायला मागे थांबत. दुसऱ्या दिवशी पेशंटला द्यायची सॉकेट्स टेबलावर ओळीने ठेवलेली असत. काकू त्यांत हात घालून बोटांनी चाचपत. कुठे बोट अडलं की एप्रनच्या खिशातून अर्धगोल कानस काढत आणि दहा मिनिटं घासत. पेशंट सकाळी आशेने येणार, त्याला कशाला त्रास, एवढंच मनात असे. पहिल्या वर्षी हे समजण्यासारखं होतं, कारण पोरगा नवीन होता. दुसऱ्या वर्षी त्याचं लग्न झालं. मग मुलगी झाली. मग सवय झाली. सवय काकूंना झाली. वकिलाला यातलं काही ठाऊकच नव्हतं. आपल्या हाताला यश आहे असं तो प्रामाणिकपणे धरून चालला होता. अकरा वर्षं ज्याच्याकडे कुणी परत येत नाही त्याने दुसरं काय समजावं?

सलूनवाले त्याच दिवशी ड्रेसिंगसाठी आले. पंचावन्नचे असतील. बाजारामागच्या गल्लीत त्यांचं एका खुर्चीचं सलून. नवा पाय मिळाला तेव्हा त्यांनी अख्खं वर्कशॉप हसवलं होतं, असं काकूंना बाकीच्यांनी सांगितलं. पायाचं नाव त्यांनी जावई ठेवलं होतं, कितीही करा, रुसतोच म्हणून. आज मात्र ते व्हीलचेअरमध्ये मान खाली घालून बसले होते आणि बोलण्याचं काम बायकोकडे होतं.

"दोन तास सांगितले होते की नाही तुम्ही? कागदावर लिहून दिलं होतं की नाही? हे पहिल्याच दिवशी चार तास उभे! लोक काय केस घेऊन पळून चालले होते?"

"चुकलं ना माझं," सलूनवाले वकिलाकडे बघून हळूच म्हणाले. "लागत होतं. हे म्हणाले होते, नवा बूट चावतो तसा चावेल, मग सवय होते. मला वाटलं, आपणच नाजूक. लोक याच पायांवर डोंगर चढतात."

वकील शेजारीच उभा होता. "मामा, मी तुम्हाला दोन तासच लिहून दिले होते."

"हो हो. तुमचा काय दोष!" सलूनवाल्यांनी हात जोडल्यासारखे केले. "आता नको मला पाय. ही खुर्ची बरी. सलून भाच्याला देऊन टाकतो. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक बसतं आणि मालक उभा असतो. बसल्या जागेवरून कानाच्या मागचं दिसत नाही."

तुमचा काय दोष, यावर वकिलाने मान डोलावली. काकूंनी ते पाहिलं.

सलूनवाले गेल्यावर काकूंनी परत आलेलं सॉकेट हातात घेतलं. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, थोडं खाली, हाडाचा एक उंचवटा असतो. त्याच्यासाठी सॉकेटमध्ये खळगा ठेवावा लागतो. खळगा होता, पण अंगठ्याच्या रुंदीइतका खाली. हाडाला जिथे जागा हवी तिथे भिंत होती. या भिंतीवर चार तास काय, चाळीस मिनिटंही कुणाला काढता आली नसती.

पहिल्या बैठकीला दोघं मागच्या खोलीत स्टुलांवर बसले. काकू म्हणाल्या, "सलूनवाल्यांच्या पायाचं काय झालं ते सांग."

वकील वीस मिनिटं बोलला. त्याच्या बोलण्यात सलूनवाले होते, त्यांची शुगर होती, रेझिन पुरवणारा नवा माणूस होता, अगदी सुट्टीवर गेलेल्या काकूही होत्या. वकील तेवढा नव्हता. लग्नाच्या अल्बममध्ये फोटोग्राफर नसतो, तसा.

"आणि तू?" काकूंनी विचारलं.

"मी काय? मी नेहमीसारखंच केलं."

दुसऱ्या बैठकीला काकूंनी समजावून पाहिलं. तिसऱ्या बैठकीला रागावून पाहिलं. वकिलाने दोन्ही वेळा अदबीने ऐकलं, "बरोबर आहे काकू" म्हणाला, आणि निघताना दारात वळून एक कारण सांगून गेला. पालथ्या घड्यावर पाणी, असं काकू मनात म्हणाल्या. मग त्यांच्या ध्यानात आलं की घडा पालथा घालणारं कुणीतरी असतं.

ते ध्यानात आलं रविवारी दुपारी. लेक बाळाला घेऊन सध्या काकूंकडेच राहत होती. बाळ दूध पिऊन रडायला लागलं आणि लेकीने त्याला खांद्यावर घेतलं. काकू भांडी टाकून आल्या आणि त्यांनी हात पुढे केले.

"आई, थांब."

"अगं, ढेकर अडकलाय त्याचा. दे इकडे, एका मिनिटात काढते."

"तेच तर. तू एका मिनिटात काढतेस आणि मला रात्री तासभर जमत नाही. राहू दे माझ्याकडे. रडू दे जरा."

बाळ रडत राहिलं. काकू ओल्या हातांनी दारात उभ्या राहिल्या. सात मिनिटं लागली. ढेकर आला तेव्हा लेक दमलेली होती, पण तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते काकूंनी सुट्टीच्या एकवीस दिवसांतही पाहिलं नव्हतं.

मंगळवारच्या बैठकीत काकूंनी दोन स्टुलांच्या मधल्या टेबलावर आपली कानस ठेवली. लाकडी मूठ हाताच्या घामाने काळी झाली होती.

"आज तू बोलायचं नाहीस. मी बोलणार."

आणि त्यांनी सांगितलं. बादल्या, टेबलावरची ओळ, बोटांनी चाचपणं, दहा मिनिटं. मीठमसाला न लावता आणि काही न लपवता. वकील आधी हसला. मग थांबला. मग त्याने कानस उचलली, उलटसुलट पाहिली आणि खाली ठेवली.

"किती पाय?"

"बरेच."

"बरेच म्हणजे? अर्धे?"

"अर्ध्यांहून जास्त. मांडीचे तुझे चांगले होतात, त्यांना सहसा हात लावावा लागायचा नाही."

"मला सांगायचं होतं ना!" वकिलाचा आवाज चढला. "अकरा वर्षं! मी घरी बायकोला सांगतो, माझ्याकडे कुणी परत येत नाही. मुलगी शाळेत सांगते. आणि इथे तुम्ही मागून... माझं म्हणावं असं काम तरी आहे का एखादं?"

"सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तू वाद घातला असतास, तुझं तोंड उतरलं असतं, आणि मला घरी जायला उशीर झाला असता. घासायला दहाच मिनिटं लागायची. मी सोपं ते केलं."

"म्हणजे मी वाद घालतो म्हणून? हे बरंय!"

"बघ, झाली उलटतपासणी सुरू."

एरवी यावर तो हसला असता. "मग सलूनवाल्यांच्या पायाला तुम्हीही जबाबदार आहात," तो म्हणाला.

"आहे."

वकिलाने पुढचा मुद्दा मांडायला तोंड उघडलं आणि मिटलं. समोरचा गुन्हा कबूल करून बसला की वकिलाला काम उरत नाही. तो उठला, एप्रन खुंटीला लावला आणि जेवणाच्या सुट्टीआधीच निघून गेला.

काकू तिथून थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या आणि तेच सगळं त्यांनाही सांगितलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"काकू, हे मी फॉर्ममध्ये कुठे लिहू?"

"जागा नसेल तर मागच्या बाजूला लिहा."

"आणि तुमच्यासाठी मार्गदर्शक कुठून आणू?" साहेब चिडले होते, आणि थोडे घाबरलेही. जरा वेळाने म्हणाले, "यापुढे कुणी कुणाच्या सॉकेटला परस्पर हात लावणार नाही. ज्याचं त्याने तपासायचं, ज्याचं त्याने दुरुस्त करायचं. आणि त्याचा निकाल पुढच्या पायावर लागेल. तो पायही फसला तर स्टोअर. मग मला कुणी काही सांगायला येऊ नका."

दोन दिवस वकील काकूंशी बोलला नाही. 'चहा' म्हटलं तर मान हलवी, तीही कपाकडे बघून. पण काकूंनी एक गोष्ट टिपली. आपली सॉकेट्स द्यायच्या आधी तो त्यात हात घालून बसायचा, डोळे मिटून, बराच वेळ. अंधारात किल्ली शोधावी तसा.

तिसऱ्या दिवशी तो सलूनवाल्यांचं जुनं सॉकेट घेऊन मागच्या खोलीत आला आणि न बोलावताच स्टुलावर बसला.

"खूण उठली नव्हती," तो म्हणाला.

काकूंना लगेच कळलं. ठसा घेताना स्टंपवर पातळ मोजा चढवतात आणि हाडांच्या उंचवट्यांवर जांभळ्या पेन्सिलीने खुणा करतात. प्लॅस्टर ओलं असतं, त्यामुळे खूण त्याच्या आतल्या बाजूला उठते आणि तिथून त्यात ओतून काढलेल्या साच्यावर. साच्यावर खूण दिसली तर खळगा कुठे हवा ते कळतं. नाही दिसली तर पेशंटला परत बोलवायचं आणि पुन्हा मोजायचं. साच्यावर सॉकेट बनवून आतला साचा एकदा फोडून काढला की विचारायला काही शिल्लक राहत नाही.

"मग काय केलंस?"

"अंदाजाने लावला. शनिवार होता, मुलीच्या शाळेत कार्यक्रम होता, आणि मामा लांबून येतात, त्यांना परत बोलवायचं तर..." तो थांबला. त्याने सॉकेट मांडीवर फिरवलं. "शनिवारचं राहू दे. मी अंदाजाने लावला. आणि ते लागतंय म्हणाले तेव्हा माझ्या मनात आधी तेच आलं होतं, काकू. त्याच क्षणी आलं होतं. आणि मी बुटाचं बोललो."

काकूंच्या हातात कसलं तरी फडकं होतं, ते त्यांनी घडी करून बाजूला ठेवलं. शाबासकी द्यावीशी वाटली, पण ती वेळ नव्हती.

"आता?"

"साहेबांना सांगतो."

"सांग. आणि?"

बाहेर कुणीतरी कठड्यांमध्ये चालत होतं. एक पाऊल, थांबणं, एक पाऊल.

"मामांना सांगायलाच हवं?" वकिलाने विचारलं. "त्यांची तर माझ्याबद्दल तक्रारच नाही. तक्रार डॉक्टरांनी केली होती."

"त्यांना वाटतंय ते नाजूक आहेत."

वकिलाने मान खाली घातली. "तुम्ही याल?"

"येईन. पण तोंड उघडणार नाही."

सलूनवाल्यांचं घर सलूनच्याच मागे होतं. सलूनचं शटर अर्धं खाली होतं. आत एक खुर्ची, तिच्यावर जुनी चादर टाकलेली, आणि आरशासमोर कात्र्या उंचीप्रमाणे लावलेल्या. सलूनवाल्यांनी व्हीलचेअर दाराशी आणली, मामींनी पाणी आणलं. काकू कोपऱ्यातल्या बाकावर बसल्या, गिऱ्हाईकं थांबतात तिथे.

वकिलाने पाण्याचा पेला हातातच धरून ठेवला. "मामा, तुमच्या पायाला जखम झाली ती माझ्यामुळे झाली."

मग त्याने सगळं क्रमाने सांगितलं. पेन्सिलीची खूण, अंदाज, खळगा कुठे हवा होता आणि कुठे लावला. जुनं सॉकेट बरोबर आणलं होतं, त्यात बोट घालून दाखवलं. एकदा त्याचा आवाज अडखळला. काकूंच्या ओठांवर मदतीचं एक वाक्य आयतं येऊन बसलं होतं. त्यांनी ते गिळलं.

आधी मामी उसळल्या. "चार आठवडे! चार आठवडे मी यांना बोलतेय! जेवताना बोलले, उठताना बोलले, पाहुण्यांसमोर बोलले. आणि तुम्ही तिथे उभे राहून ऐकत होता? मान डोलवत होता?"

"हो मामी."

"जीभ टाळ्याला चिकटली होती का?"

"हो."

मामी पदराने आरशासमोरची फळी पुसायला लागल्या, जिथे धूळ नव्हती.

सलूनवाले मात्र सॉकेटमध्ये हात घालून बसले होते. कात्री धरून धरून त्यांची बोटं सवयीची झाली होती. त्यांना ती जागा लगेच सापडली.

"म्हणजे मला लागत होतं ते खरंच लागत होतं?" त्यांनी विचारलं.

"खरंच लागत होतं, मामा. कुणालाही लागलं असतं."

"मी उगाच कांगावा करत नव्हतो."

"नाही."

सलूनवाल्यांनी तोंड आरशापासून दुसऱ्या बाजूला वळवलं. थोड्या वेळाने म्हणाले, "आणि मी चार तास उभा राहिलो, त्याचं काय?"

इथे वकिलाला पळवाट होती. महिनाभरापूर्वी तो तिच्यातून सुसाट गेला असता. दुसऱ्या बाजूला, सगळंच आपल्या अंगावर घेऊन मोठेपणा मिळवण्याचीही सोय होती.

"ते तुमचं," वकील म्हणाला. "तेही चुकलंच. पण माझ्यातून ते वजा होत नाही."

मामींच्या तोंडून फिसकन हसू बाहेर पडलं आणि त्यांनी लगेच पदर तोंडावर धरला.

सलूनवाले हसले नाहीत. "खरं सांगू का? तुमच्याकडून पुन्हा पाय करून घ्यावा की नाही, मला समजत नाहीये." ते काकूंकडे वळले. "बाई, तुम्ही कराल का?"

काकूंना हो म्हणणं किती सोपं होतं! हात आत्ताच शिवशिवत होते. "तुम्ही म्हणालात तर करीन. हक्क आहे तुमचा," त्या म्हणाल्या. "पण ठसा तो माझ्याइतकाच चांगला घेतो. आणि आपलं कुठे चुकतं ते त्याला आता माहीत आहे. हे इतके दिवस माहीत नव्हतं, आणि त्यात माझाही हात आहे."

सलूनवाल्यांनी आरशासमोरच्या कात्र्यांकडे पाहिलं. मग एकदम म्हणाले, "मी एकदा एका माणसाचा कान कापला होता."

"अगं बाई!" मामी म्हणाल्या.

"थोडासाच. वस्तऱ्याने. रक्त आलं तेव्हा मी त्याला म्हणालो, साहेब, तुम्ही हललात. आणि तो मला सॉरी म्हणाला." त्यांनी सॉकेट मांडीवरून उचलून वकिलाकडे दिलं. "तो हलला नव्हता. तीस वर्षं झाली. अजून समोरून आला की मी रस्ता बदलतो."

"कुणाचा कान?" मामींनी विचारलं.

"ते राहू दे."

"आपल्या ओळखीतला आहे?"

"राहू दे म्हटलं ना! यांना चहा कर."

जखम भरायला आणखी पाच आठवडे लागले. वकील दर शुक्रवारी ड्रेसिंगच्या वेळी जाऊन उभा राहायचा. बोलायचं काही नसेल तरी. एका शुक्रवारी मामींनी त्याला डबा दिला आणि वर बजावलं की हा माफीचा नाही, उरलं होतं म्हणून आणलाय. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर ठसा वकिलानेच घेतला. खुणा इतक्या दाबून केल्या की सलूनवाले म्हणाले, अहो, गोंदवताय की काय? साचा बाहेर आल्यावर त्याने प्रत्येक खूण मोजून पाहिली आणि एक पुसट वाटली म्हणून सलूनवाल्यांना लांबून परत बोलावलं. ते कुरकुरत आले.

पाय लावून पाहायच्या दिवशी साहेबही केबिनमधून बाहेर आले आणि फळ्यांना टेकून उभे राहिले. कशासाठी ते सगळ्यांना ठाऊक होतं. काकू आपल्या पेशंटसाठी बादलीत प्लॅस्टर भिजवत होत्या. पलीकडच्या टेबलावर एक बाई पाय मोकळा करून ठसा द्यायला तयार बसली होती.

सलूनवाल्यांनी दोन्ही कठडे धरले. पहिलं पाऊल, दुसरं, तिसरं. सहाव्या पावलाला त्यांनी एक हात सोडला. परत येताना दोन्ही सोडले. मामींनी जोरात नाक शिंकरलं आणि प्लॅस्टरच्या पुडीला नावं ठेवली.

"कुठे लागतंय?" वकिलाने विचारलं.

"कुठेच नाही. झकास आहे. सोमवारी सलून उघडतो. पाटी लावून आलोय मी."

"अजून दोन फेऱ्या घ्या." दोन फेऱ्या झाल्यावर वकिलाने त्यांना बसवलं, पाय उतरवला, मोजा काढला आणि स्टंप हातात घेऊन उजेडाकडे वळवला. नडगीच्या टोकाला, खालच्या बाजूला, नखाएवढा लाल डाग होता. त्याने त्यावर बोट दाबून सोडलं. डाग गेला नाही. तो एक मिनिट थांबला. डाग तसाच.

बाहेरचा उंचवटा सांभाळण्याच्या नादात त्याने नडगीला जागा कमी ठेवली होती, हे काकूंना लांबूनही कळलं. साहेबांना एवढ्या अंतरावरून डाग दिसणं शक्य नव्हतं. सलूनवाल्यांना तो जाणवतही नव्हता, शुगरमुळे तिथली संवेदना कमीच होती.

वकिलाने एकदा साहेबांकडे पाहिलं. मग तो सलूनवाल्यांना म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "मामा, आज पाय घरी द्यायचा नाही. इथे लाल झालंय. मी जागा कमी ठेवली."

"अहो, दुखत नाहीये मला!"

"दुखत नाही म्हणूनच देत नाही."

"पाटी लावून आलोय हो मी! सोमवार लिहिलंय, मोठ्या अक्षरात!"

"सोमवार खोडा. दुसरं सॉकेट गुरुवारी देतो."

"बुधवारी द्या," मामी म्हणाल्या. "बुधवारी बसला गर्दी नसते."

"बुधवारी घाई होईल, मामी. घाईत मी काय करतो ते बघितलंय तुम्ही."

"काय झालं?" साहेब फळ्यांपासून पुढे आले.

वकिलाने स्टंप तसाच धरून ठेवला आणि त्यांना डाग दाखवला. "नडगीपाशी माझ्याकडून कमी पडलं, साहेब. सॉकेट नवीन करावं लागेल." एवढंच बोलला आणि थांबला. आणखी काहीतरी येईल म्हणून साहेब वाट पाहत राहिले. काही आलं नाही.

साहेबांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी बादलीत पाहिलं.

"गुरुवारी लावशील तेव्हा मला बोलव," साहेब वकिलाला म्हणाले. "आणि मामा, गाडी हॉस्पिटलची पाठवतो. बसची गर्दी नको."

"मग बुधवार काय आणि गुरुवार काय," मामी म्हणाल्या. सलूनवाले मात्र अजून वकिलाशी हुज्जत घालत होते, निदान त्या दिवसापुरता तासभर पाय वापरू द्या म्हणून, आणि वकील नाही म्हणत होता.

"अहो, ठसा घेणार ना?" पलीकडच्या टेबलावरची बाई म्हणाली. "ते घट्ट व्हायला लागलंय."

खरंच लागलं होतं. काकूंनी बादली उचलली आणि त्या तिच्याकडे गेल्या.